चांद्याची कार्बन-कोठारे : हिमनदी, कोळसा आणि धानाची बांधी

१/
ब्रह्मपुरी. चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्यात वसलेले तालुक्याचे गाव. मे महिन्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या नोंदींत हे नाव वारंवार झळकते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी तेथे कोणाला नवल वाटत नाही. या गावापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, याच भागातील पैनगंगेच्या काठी, एकेकाळी बर्फ सरकत होता. त्या बर्फापासून आजच्या उन्हापर्यंतचा प्रवास समजून घ्यायचा, तर एकाच मूलद्रव्याचा माग काढावा लागतो : कार्बन. (थ्रेड)

२/
प्रथम बर्फाचा पुरावा. १८५६ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड या बंधूंनी ओडिशातील तालचेर येथे गोट्यांचा एक विलक्षण थर पाहिला. बारीक चिखलात मोठमोठे धोंडे रुतलेले होते. असे मिश्रण वाहते पाणी करीत नाही, बर्फ करतो, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. उष्ण कटिबंधातल्या हिंदुस्थानात बर्फ? अनेक विद्वानांना ही कल्पना पटली नाही.

३/
निर्णायक दुजोरा चांद्याने दिला. (चंद्रपूरचे तेव्हाचे प्रचलित नाव चांदा.) चंद्रपूरच्या पश्चिमेस, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ तसाच गोट्यांचा थर होता आणि त्याखालची चुनखडी घासून गुळगुळीत झालेली होती. तिच्यावर लांबच लांब समांतर ओरखडे होते. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड खडकावरून फरपटत गेले की असेच ओरखडे उमटतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध केला.

४/
हा बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताचा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या दिशेने, एका महाखंडाच्या पोटात होता. मात्र केवळ स्थानामुळे हिमयुग येत नाही. त्या काळी हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी झाला होता. युरोप आणि अमेरिकेच्या दलदलींत वनस्पतींनी प्रचंड कार्बन शोषून तो जमिनीत गाडला होता, आणि हे त्या हिमयुगाचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. कोळसा तयार होत गेला, तशी पृथ्वी थंड होत गेली. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे ते उलटे वाचायचे आहे.

५/
पृथ्वीवरचा कार्बन जवळजवळ तेवढाच राहतो. तो फक्त कोठारे बदलतो. हवा, सजीव, माती, समुद्र आणि खडक ही त्याची पाच मोठी कोठारे. प्रत्येकाची चाल वेगळी. धानाच्या पातीत शिरलेला कार्बन वर्षभरात हवेत परततो, सागवानातला शतकभर थांबू शकतो, खडकातला कोट्यवधी वर्षे हलत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे वैशिष्ट्य असे, की या चालींतली बहुतेक कोठारे येथे एकाच मुलखात पाहायला मिळतात.

६/
पहिले कोठार : चुनखडी. इरईला ज्या खडकावर ओरखडे उमटले, तोच हा खडक. कोरपना, राजुरा, गडचांदूर या पट्ट्यात तो पसरला आहे. त्याचे वय सुमारे १०० कोटी वर्षे, म्हणजे बर्फाहून तिप्पट जुने. येथे तेव्हा समुद्र होता. त्याच्या पाण्यातला कॅल्शियम आणि विरघळलेला कार्बन एकत्र येऊन तळाशी साचत गेला. शुद्ध चुनखडीच्या १,००० किलो वजनात सुमारे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड असा कोंडलेला असतो.

७/
हा कार्बन समुद्रात पोहोचतो कसा? ब्रह्मपुरीचा पाऊसच त्याचे उत्तर देतो. थेंब हवेतून पडताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतात आणि पाणी किंचित आम्ल होते. हे पाणी वैनगंगेच्या खोऱ्यातील अतिप्राचीन खडकांना हळूहळू झिजवते. विरघळलेली द्रव्ये वैनगंगेतून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातात. तेथे शंखशिंपल्यांच्या रूपाने त्यांची पुन्हा चुनखडी होते. हे काम आजही अखंड चालू आहे. फक्त त्याची चाल लाखो वर्षांची आहे.

८/
दुसरे कोठार : कोळसा. हिमनद्या ओसरल्यावर वर्धा खोऱ्यात नद्या आणि दलदली पसरल्या. तेथे ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वृक्षांची राने उभी राहिली. जिभेच्या आकाराचे पान, मध्ये ठळक शीर आणि बाजूंना शिरांची जाळी. या पानाला नाव दिले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ ब्रोंनिआर यांनी, १८२८ मध्ये. त्या नावातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जीभ असाच आहे.

९/
सर्व जंगलांचा कोळसा का होत नाही? ताडोबात आज गळलेले पान बुरशी, वाळवी आणि सूक्ष्मजीव अल्पकाळात फस्त करतात. पानातला कार्बन पुन्हा हवेत जातो. हिशेब पूर्ण होतो. दलदलीत मात्र साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे कुजणे अर्धवट राहते. त्या अर्धकुज्या थरावर वाळू आणि गाळ चढत जातो. दाब आणि उष्णता यांनी पाणी व वायू निघून जातात आणि कार्बन शिल्लक राहतो. कोळसा म्हणजे न संपलेले कुजणे. ते आपण भट्टीत संपवतो.

१०/
ही पाने ओळखणाऱ्यांत नागपूरचा वाटा मोठा आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे) यांनी १८५० च्या दशकात नागपूर, कामठी आणि भोवतालच्या वालुकाश्मांतून वनस्पतींचे अनेक जीवाश्म गोळा करून विलायतेला पाठवले. कामठीच्या नावाने ओळखला जाणारा हाच खडकथर चंद्रपूरकडे कोळशाच्या थरांवर पांघरुणासारखा पसरलेला आहे.

११/
१९१२. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी उपासमारीने व थंडीने मृत्यू पावले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड सापडले. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचे पान अंटार्क्टिकाच्या बर्फात! दोन्ही भूमी एकेकाळी जोडलेल्या होत्या, या मताला त्या पानांनी बळ दिले.

१२/
त्या महाखंडाचे नाव याच भागातून जगात गेले. सर्वेक्षणाचे हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये या खडकांसाठी 'गोंडवाना' हा शब्द योजला आणि ऑटोकार फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये तो छापील ग्रंथव्यवहारात आणला. पुढे ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी संपूर्ण दक्षिण महाखंडाला 'गोंडवानालँड' म्हटले. ज्यांची राजधानी चांदा होती त्या गोंडांचे नाव अशा रीतीने पृथ्वीच्या इतिहासाला मिळाले.

१३/
येथे एक फरक नोंदवावा. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधम येथे झाडांचे दगड झालेले बुंधे आढळतात. त्याच तालुक्यातील पोचमपल्लीजवळ 'बारापासॉरस टागोराय' या महाकाय डायनासोरची हाडे मिळाली. हे बुंधे लाकडासारखे दिसतात, पण त्यांतल्या लाकडाची जागा बहुतांशी गारगोटीच्या द्रव्याने घेतली आहे. झाडाचा आकार राहिला, कार्बन गेला. कोळशात नेमके उलटे घडते : आकार हरवतो, कार्बन राहतो.

१४/
सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिमेकडे दख्खनचे लाव्हा उसळले आणि खोल पृथ्वीतला कार्बन हवेत आला. नंतर त्याच लाव्हाचा बेसाल्ट पावसात झिजत राहिला आणि त्याने कार्बन पुन्हा शोषला. वरोऱ्याकडची काळी कापसाची माती ही या झिजेचीच देणगी. निसर्ग कोठारे उघडतो तसा बंदही करतो. मात्र त्याला अवधी लागतो.

१५/
आता माणसाचा प्रवेश. १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांदा ब्रिटिशांकडे आले. मुंबईहून नागपूरकडे रेल्वे येत होती. इंजिनांना कोळसा हवा होता आणि बंगालचा कोळसा दूर होता. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा कसून शोध सुरू झाला. १८७१ मध्ये वरोरा येथे सरकारी खाण सुरू झाली. १८७७ मध्ये थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरील प्रबंध आला आणि त्याच वर्षी वर्धा ते वरोरा लोहमार्गही खुला झाला.

१६/
या कालक्रमातला योग पाहण्यासारखा आहे. १८७५ मध्ये फेडन यांनी चांद्यातील प्राचीन बर्फाची बातमी जगाला दिली, तेव्हा वरोऱ्याची खाण चार वर्षांची झाली होती. एकच खाते एका हाताने येथील हवामानाचा प्राचीन इतिहास वाचत होते आणि दुसऱ्या हाताने भावी हवामान बदलणाऱ्या कोळशाचे नकाशे काढत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते.

१७/
संबंधाचे धागे मात्र जगात इतरत्र विणले जात होते. ब्लॅनफर्ड बंधूंनी तालचेरला बर्फ ओळखला त्याच १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वायू भरून ते उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वाधिक तापले. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनिअस यांनी या वायूच्या घटवाढीने पृथ्वीचे तापमान किती बदलेल याचे गणित मांडले. त्यांना कोडे उलगडायचे होते ते हिमयुगांचे. उत्तरात मात्र कोळशाचे भविष्यही आले.

१८/
वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. तोवर बल्लारपूर पुढे आले होते; मग घुग्घुस, माजरी, दुर्गापूर. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली. खाणींच्या शेजारी चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्याची आजची क्षमता २,९२० मेगावॉट, राज्यातील कोणत्याही सरकारी औष्णिक केंद्राहून अधिक. मुंबई-पुण्याच्या दिव्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने जळतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९/
हिशेब साधा आहे. एक टन कार्बन जळला की तो हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईत नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. जगातले सर्व ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन हवेत सोडतात, त्याच्या कितीतरी पट, शंभरपटीच्या जवळपास, माणूस सोडतो.

२०/
दुसरे कुलूपही याच जिल्ह्यात उघडते. कोरपना-राजुरा पट्ट्यातील चुनखडीवर सिमेंटचे मोठे कारखाने चालतात. भट्टीत चुनखडी तापवली की चुना उरतो आणि १०० कोटी वर्षे कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी तापवण्यासाठी लागणाऱ्या इंधनाचा वायू वेगळाच. उद्या भट्टी स्वच्छ इंधनावर चालवली, तरी दगडातून सुटणारा वायू उरतोच. म्हणूनच सिमेंटचा प्रश्न विजेच्या प्रश्नाहून अवघड आहे.

२१/
तिसरे कोठार : जंगल. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. चांद्याचे साग नावाजलेले. ब्रिटिश काळात रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि बांधकामासाठी लाकडाची मागणी वाढली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांवर सरकारचा ताबा आवळला आणि गावांचे जुने वापर 'सवलती' ठरले. कार्बनचे कोठार कोणाच्या ताब्यात असावे, हा वाद तेव्हापासूनचा आहे, जरी त्या शब्दांत तो कोणी मांडला नसला तरी.

२२/
तोडलेल्या झाडातला कार्बन लगेच हवेत जातोच असे नाही. त्या लाकडाचे पुढे काय होते, यावर ते अवलंबून असते. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान बल्लारपुराहून समारंभपूर्वक रवाना झाले. त्या दारांत हा कार्बन पिढ्यान्पिढ्या राहील. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे येथला बांबू गेला. त्याच्या वह्या झाल्या. वहीचे आयुष्य दाराइतके नसते. चूल मात्र काही तासांतच हिशेब पुरा करते.

२३/
बांबूचीच पुढची गोष्ट गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात घडली. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. कायद्यात तेव्हा ते झाड होते, म्हणून मालकी वनखात्याची होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार आला.

२४/
चौथे कोठार पायाखाली आहे : माती. जगाच्या मातीत हवेपेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे. ब्रह्मपुरीचा इतिहास याच कोठाराशी बांधलेला आहे. गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क देण्याची रीत होती. कोहळी समाजाने हे कौशल्य जोपासले. चढउतार पाहून पाळ घालायची, पाणी अडवायचे, खालच्या बांध्यांत धान पिकवायचे. मालगुजारांच्या ताब्यातले हे तलाव १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर सरकारकडे गेले. तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'.

२५/
तलावाच्या तळाशी पानपाचोळा आणि सुपीक माती साचते. पाण्याखाली ते सावकाश कुजते, म्हणजे ग्लॉसोप्टेरिसच्या दलदलीचीच ही लहान, तात्पुरती आवृत्ती. उन्हाळ्यात हा गाळ काढून शेतात टाकण्याची जुनी पद्धत होती. तलावाची खोली राखली जाई आणि सेंद्रिय कार्बन बांधीत परत येई. तलावांची निगा सुटली तशी ही ये-जा मंदावली. गाळ तेथेच साचला, पाणी घटले, शेत रासायनिक खतावर विसंबले.

२६/
धानाच्या बांधीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोवणीनंतर शेत पाण्याखाली राहते. त्या चिखलात प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक आहे. मात्र तो हवेत साधारण १२ वर्षेच टिकतो, आणि त्यातला कार्बन काही महिन्यांपूर्वी हवेतूनच आलेला असतो. मधूनमधून बांधी कोरडी होऊ दिली तर मिथेन घटतो. पण त्यासाठी पुन्हा पाणी देण्याची शाश्वती हवी, म्हणजे तलाव शाबूत हवेत.

२७/
म्हणून सर्व कार्बन एकाच तराजूत तोलता येत नाही. बांधीतला कार्बन हवेतून आला आणि हवेत गेला. सागातला काही पिढ्या थांबून गेला. कोळशातला मात्र २५ कोटींहून अधिक वर्षे या चक्राच्या बाहेर होता. तो हवेत आणला की चक्रात नवी भर पडते, आणि तो पुन्हा खडकात जाण्याचा मार्ग वैनगंगेच्या झिजेच्या चालीने जातो. त्यामुळे कोळसा जाळून झाडे लावली की हिशेब मिटला, हे म्हणणे टिकत नाही. झाड लावणे आवश्यकच. पण ते शतकांचे कोठार आहे, युगांचे नव्हे.

२८/
ब्रह्मपुरीचा उन्हाळा केवळ कोळशामुळे कडक आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. समुद्रापासून दूरचे ठिकाण, कोरडे वारे आणि सखल प्रदेश यांमुळे तो पूर्वीही कडकच होता. बदल होतो तो या जुन्या उन्हावर चढणाऱ्या भरीमुळे. जगभरच्या खाणींतून निघालेला कार्बन हवेत एकत्र होतो आणि ती भर सगळ्यांच्या वाट्याला येते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या, मोहफुले वेचणाऱ्या, बांधीत राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती उघड्या डोक्यावर येते.

२९/
ज्या कोळशावर राज्याचे दिवे लागले, त्यावर येथील हजारो घरांच्या चुलीही पेटल्या. खाण कामगाराचा पगार, सिमेंटच्या भट्टीवरची पाळी, मेंढ्याच्या ग्रामसभेचा बांबू आणि ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्याचा तलाव हे एकाच चक्राचे भाग आहेत. कोणते कोठार किती वेगाने उघडायचे, कोणते भरायचे आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे प्रश्न १८७१ मध्ये वरोऱ्यात कोणी विचारले नाहीत. आज ते ठाऊक असूनही टाळले, तर अज्ञानाची सबब उरणार नाही.

३०/
इरईच्या चुनखडीवरचे ओरखडे आता उलट्या क्रमाने वाचता येतात. एकेकाळी कार्बन जमिनीत गाडला गेला आणि पृथ्वी थंड झाली. त्याला कोट्यवधी वर्षे लागली. वरोऱ्यात पहिली खाण सुरू झाली त्याला अद्याप दोनशे वर्षेही झालेली नाहीत. (समाप्त)

#थ्रेड #विदर्भ #गोंडवाना #चंद्रपूर #ब्रह्मपुरी